घरात बाळ येतंय? आधी मशेरीची डबी शोधा

पहिल्यांदा तपासणीला आलेल्या मुलीला "तंबाखू खातेस का?" असं विचारण्यात अर्थ नसतो. ती "नाही" म्हणते, आणि ते खोटंही नसतं. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुषमाणसं चुना लावून मळतात आणि गालात धरतात ती. सकाळी न्हाणीपाशी बसून बोटानं दातांवर फिरवायची मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, त्यात येतच नाही, ती दात घासण्यात जमा. म्हणून मी विचारायचे, "घरात सकाळी कोण कशानं दात घासतं?" या प्रश्नाला लाजायचं काही कारण नसतं. "सासूबाई मशेरी लावतात. मीपण लावते कधीकधी." मग कधीकधी म्हणजे कधी, ते शांतपणे विचारायचं. बहुतेक घरांत उत्तर एकच येतं: सकाळी उठल्यावर, दुपारी भांडी आटोपल्यावर आणि रात्री निजताना.

माझी नोकरी सगळी गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत गेली, आरोग्य केंद्राची नर्स म्हणून. आता निवृत्त होऊन साखळीत असते, तरी ओळखीच्या कुणाच्या सुनेला दिवस गेले की फोन येतोच. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे. अट एकच. हे सुनेच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. पडवीत बसून सगळ्यांच्या देखत वाचा, सासऱ्यांसकट. तंबाखूतलं सवय लावणारं निकोटीन बाळापर्यंत पोचण्याच्या वाटा पुष्कळ आहेत आणि त्यातली एखादीच सुनेच्या हातात असते.

गोव्यातले लोक या बाबतीत जरा निवांत असतात. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तंबाखू घेणाऱ्यांचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वांत कमी निघालं, 9.7 टक्के. गुटख्यावर आपल्याकडे 2005 सालीच बंदी आली. हे सगळं खरं, पण ज्या घरात डबी आहे त्या घरातल्या बाळाला राज्याच्या टक्केवारीचा काय उपयोग?

बाळाच्या मेंदूत काय होतं

वजनाचं लोकांना लगेच कळतं. मुंबईत 1217 गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, तो 2004 साली प्रसिद्ध झाला. धूर न ओढता घ्यायचा तंबाखू वापरणाऱ्या, म्हणजे त्यात मुख्यतः मशेरी लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. हे सांगितलं की आजी म्हणते, "होईल गं, नंतर बाळसं धरेल." धरतंही. म्हणून मी वजनापाशी थांबत नाही, डोक्याचं सांगते.

मेंदूच्या मधल्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, त्याला व्हीटीए म्हणतात. पोटात गरम पेज गेली, आईनं जवळ घेतलं, कुणी शाबासकी दिली, की त्यातल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडतात आणि "हे बरं वाटलं, पुन्हा कर" अशी खूण मेंदूत पक्की होते. या पेशींवर काही ग्राही असतात, म्हणजे रसायनं येऊन बसायच्या जागा. तिथं खरं म्हणजे शरीरानं स्वतः बनवलेलं ॲसिटिलकोलीन बसायचं. निकोटीन नेमकं तिथंच जाऊन बसतं. विडी-सिगारेटचा झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचतं. मशेरीतलं हिरड्यांमधून सावकाश शिरतं, पण रक्तात जास्त वेळ रेंगाळतं.

मोठ्या माणसाच्या मेंदूत हे सगळं आधीच बांधून झालेलं असतं. पोटातल्या बाळाचं तसं नाही. हे ग्राही पहिल्या तीन महिन्यांतच दिसू लागतात, आणि तेव्हा ॲसिटिलकोलीनकडे वेगळं काम असतं. पेशींची वाढ कशी व्हायची, त्यांनी कुणाशी जोडून घ्यायचं, हे ठरण्यात त्याचा हात असतो. अशा वेळी बाहेरून निकोटीन येऊन तीच जागा अडवतं. म्हणजे मोठ्यांना ज्याची नुसती सवय लागते, त्यानं बाळाची घडणच बदलू शकते.

यावर 2019 साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून एक संशोधन प्रसिद्ध झालं. उंदरांवरचं आहे, हे आधीच सांगते. उंदराच्या पिल्लांना जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात निकोटीन मिळालं. मेंदूच्या वाढीच्या हिशोबानं पिल्लांचे ते दिवस माणसाच्या शेवटच्या तिमाहीशी साधारण जुळतात. नंतर निकोटीन बंद केलं, पिल्लं मोठी झाली. त्या व्हीटीएमध्ये डोपामिन न बनवणाऱ्या, ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्याच रसायनावर चालणाऱ्या पेशीही असतात. त्यांतल्या काही पेशींत नर्र-1 हे प्रथिन आढळलं. पेशीला डोपामिन बनवायच्या तयारीला लावणारं ते प्रथिन. धूळवाफेवर पेरलेलं बी पहिल्या पावसाची वाट बघत मातीत पडून असतं, तशा त्या पेशी थांबलेल्या. मोठेपणी पुन्हा निकोटीन दिलं, आणि त्यातल्या काही पेशी खरोखरच डोपामिनवाल्यांमध्ये सामील झाल्या. लहानपणी निकोटीन न मिळालेल्या उंदरांपेक्षा हे उंदीर जास्त निकोटीन घेऊ लागले.

आजीला इतकं सगळं सांगत बसत नाही. तिला म्हणते, "आजी, बाळानं मागितलं नाही, चाखलं नाही, तरी पुढं मोठं झाल्यावर पहिल्या विडीला त्याचा मेंदू ओळख दाखवू शकतो."

डबीपासून सुरुवात

घरात निकोटीन कुठं कुठं आहे, ते आधी फिरून बघा. मशेरीची डबी चुलीमागच्या फळीवर असते, नाहीतर न्हाणीच्या कोनाड्यात. पानाच्या डब्यात तंबाखूची पुडी असते. आजोबांची तपकीर उशाखाली. सिगारेटचं पाकीट स्कूटरच्या डिकीत, आणि ते बायकोला ठाऊक नाही अशी नवऱ्याची समजूत. नुसत्या सुपारीत निकोटीन नसतं, तिची दुखणी वेगळी आहेत, पण डब्यात ती पुडीच्या शेजारीच असते म्हणून डबाच उचला.

मशेरी घरी भाजत असतील तर ते आजपासून बंद. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जुना तवा त्यासाठीच बाजूला ठेवलेला असतो, त्यावर तंबाखूची पानं करपून काळी होईपर्यंत भाजतात. धूर असा कोंदतो की शेजारच्या घरातली माणसं खोकत बाहेर येतात. मग ती पानं चुरायची, फडक्यानं गाळायची आणि डबीत भरायची. फडकं परत खुंटीवर. त्याच फडक्यानं उद्या कुणीतरी बाळाचं तोंड पुसणार. तंबाखूचं दंतमंजन 1992 मध्ये सरकारनं बंद केलं, पण घरच्या तव्याला कुठला कायदा गाठणार?

गरोदर बाईनं स्वतः मशेरी सोडायची म्हणजे पूर्ण सोडायची. "कमी करते" हे बोलणं बरं वाटतं, तरी तेवढ्यावर भागत नाही. एक दिवस ठरवा, तो आठवड्याच्या आतला असू दे. तोवर आधी दुपारची गाळा, मग रात्रीची. सकाळची सर्वांत चिवट, ती शेवटी. सकाळी हात सवयीनं डबीकडे जातोच, तेव्हा त्याला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. आंब्याचं पान दुमडून त्यानं दात घासायची आपली जुनी पद्धत आहे, ती इथं कामाला येते. मग साधा ब्रश.

"मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे मी सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य. त्यात तथ्य आहे. निकोटीन आतड्यांना हलवतं, आणि सोडल्यावर काही दिवस कोठा जड होतो. उठल्यावर कोमट पाणी, उकड्या तांदळाची पेज, जेवणात तांबडी भाजी आणि थोडं चालणं, एवढ्यावर बहुतेकींचं भागतं. नाही भागलं तर केंद्रात सांगा, गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. स्वतःच्या मनानं चूर्ण आणू नका.

पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात. डोकं दुखतं, झोप लागत नाही, उगाच रडू येतं, सासूचं साधं बोलणं टोचतं. दोन ते चार आठवड्यांत हे उतरतं. प्रत्येक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढी टळली की ओसरते. गरोदरपणात शरीर निकोटीन एरवीपेक्षा भराभर बाहेर टाकतं, त्यामुळे तलफ जास्त वेळा आली तर घाबरू नका. निकोटीनची गोळी किंवा च्युइंगम दुकानात मिळतं, पण पोटात बाळ असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. त्यातही निकोटीनच असतं.

आता एक गोष्ट, जी कुठल्या पत्रकात छापत नाहीत. सुनेची दुपारची मशेरी बऱ्याचदा मशेरीसाठी नसतेच. भांडी झाल्यावर सासू-सून, शेजारची वहिनी मागच्या दारी बसतात, डबी फिरते, आणि दिवसभरात तेवढीच काय ती टेकायला मिळते. डबी काढून घेतली की ते बसणंही जातं. मग सून आठव्या दिवशी परत डबीकडे. तेव्हा सासूबाईंनीच सांगायचं, "ये, बस, चहा घे." मशेरीशिवाय बसायची परवानगी घरात मिळाली पाहिजे.

आजीशी कसं बोलायचं

"म्हज्या पांच भुरग्यांक कितें जालें गो?" (माझ्या पाच मुलांना काय झालं गं?) हे येणारच. वाद घालू नका. वर्षानुवर्षांची सवय सुनेच्या गरोदरपणात सुटेल अशी आशा मी ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. आजीकडे सोडायचं मागणं न करता जागा मागा. डबी स्वयंपाकघरातून बाहेर, परसातल्या खोपीत. मशेरी लावायची तिथंच. सुनेला द्यायची नाही, तिच्यासमोर लावायची नाही. लावून झाली की चूळ भरायची, हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, नखांसकट.

नखांचं मुद्दाम लिहिलंय. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारे हात आजीचेच असतात. घुटी चाटवणारं बोटही तेच, मघाशी हिरड्यांवर फिरलेलं. (मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये, तो वेगळा विषय.) मी इतकंच म्हणायचे, "आजी, तुमच्या भुरग्यांना काही झालं असं मी म्हणतच नाही. नातवाला मांडीवर घ्यायच्या आधी हात धुवा, एवढं माझ्यासाठी करा." एवढ्याला नाही म्हणणारी आजी मला भेटल्याचं आठवत नाही. आणि खोपीपर्यंत जायचा कंटाळा करून काहींची मशेरी आपोआप निम्म्यावर आली, तीही पावसाळ्यात जास्त.

नवरा, पाहुणे आणि सटीची रात्र

नवऱ्याला थोडक्यात सांगते. खिडकीत उभं राहून ओढणं म्हणजे घरातच ओढणं. पंखा लावला म्हणून धूर जात नाही, तो घरभर पसरतो. गाडीत तर अजिबात नको, काचा खाली असल्या तरी. बाहेर ओढून आल्यावर तोंड धुवा, हात धुवा, शर्ट बदला आणि मगच बाळाला घ्या. निकोटीन कपड्यांवर, पडद्यांवर, भिंतींवर बसून राहतं. यानं धोका कमी होतो, संपत नाही. बाळाच्या आसपास धूर असला तर झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो, त्यामुळे हा विषय फक्त पुढच्या काळाचा नाही.

सहाव्या रात्री सटीला जागरण असतं. भजन असतं, पत्ते असतात, पडवीत पुरुषांची दाटी होते आणि विड्या पेटतात. बाळंतिणीची खोली पडवीला लागून असेल तर सगळा धूर आत. यजमानानं आधीच सांगावं, विडी अंगणापलीकडे. पाहुण्यांना बाळंतिणीनं सांगायचं नसतं, ते घरातल्या मोठ्या पुरुषाचं काम. आजोबांनी एकदा आवाज दिला की पुन्हा सांगावं लागत नाही.

सुटत नसेल तर दूध बंद करू नका

हे ठळक अक्षरांत वाचा. काही घरांत उलटाच निर्णय होतो, "ती मशेरी लावते ना, मग डब्याचं दूध पाजा." तसं करू नका. आईच्या दुधात निकोटीन तिच्या रक्तातल्यापेक्षा जवळपास तिप्पट उतरतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं, नवजात बाळाला त्याच कामाला अकराच्या आसपास तास लागतात. म्हणजे सकाळची मशेरी बाळाच्या अंगात संध्याकाळीही असते. तरीसुद्धा आईच्या दुधाची जागा डब्याला भरून काढता येत नाही, म्हणून पाजणं चालूच ठेवायचं. अजिबातच राहवलं नाही तर आधी बाळाला पोटभर पाजा, मग लावा, आणि पुढच्या पाजण्यापर्यंत जितका जास्त वेळ जाईल तितका जाऊ द्या. चूळ, हात, पदर बदलणं आहेच. आणि पुढच्या लसीकरणाला याल तेव्हा नर्सला हे सांगा. ओरडली तर ओरडू दे, मदतही तीच करील.

बाळ रांगायला लागलं की

आता धोका वेगळा. डबी, पुडी, विडीचं थोटूक, सगळं बाळाच्या हाताच्या उंचीवर येतं आणि तोंडात जातं. लहान मुलाला थोडासा तंबाखूही विषासारखा चढतो. आधी उलटी, लाळ, चेहरा पांढराफटक, मग गळाठा किंवा झटके. तोंडातला तंबाखू बोटानं काढा, घशात बोटं घालून उलटी काढायला जाऊ नका, मीठपाणी पाजू नका. 108 ला फोन करा, आणि जे खाल्लं ती पुडी बरोबर घ्या. ई-सिगारेटचं द्रव तर याहून वाईट, त्यात निकोटीन दाट असतं आणि वास फळांचा.

तेराव्या-चौदाव्या वर्षी पुन्हा

मेंदूची ही घडण जन्मानंतर संपत नाही, पंचविशीपर्यंत चालू राहते. म्हणून दुसऱ्यांदा सांभाळायचं ते वयात येताना. पॅरिसमधल्या संशोधकांनी 2024 मध्ये नर उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. मोठ्या उंदरात निकोटीन दोन गोष्टी करतं: बरं वाटवतं आणि सोबत थोडं अस्वस्थही करतं, कारण दोन्हीच्या वाटा त्याच व्हीटीएतून निघतात. कोवळ्या वयातल्या उंदरात अस्वस्थतेची बाजू जवळपास उमटतच नाही, नुसतं बरं वाटणं राहतं. आणि त्या वयात आठवडाभर निकोटीन मिळालेल्या उंदरांचा मेंदू मोठेपणीही तसाच कोवळ्यासारखा वागत राहिला.

तेव्हा मुलाला गाड्यावर "बाबांसाठी एक पाकीट" आणायला पाठवणं बंद. अठरा वर्षांखालच्याला विकणं 2003 च्या कायद्यानं गुन्हा आहे, शाळेपासून शंभर यार्डांत दुकानच चालत नाही, आणि मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गाडेवाला ओळखीचा असतो, हे मला ठाऊक आहे. ओळखीचाच असतो म्हणून त्याला सांगणं सोपं.

मुलाच्या दप्तरात पेनासारखं, आंब्याच्या-पुदिन्याच्या वासाचं काही सापडलं तर ती ई-सिगारेट असू शकते. देशात तिची विक्री, आयात, साठवण 2019 पासून बंद आहे, तरी किनारपट्टीवर सुट्टीला काम करणारी पोरं घेऊन येतात. लगेच हात उगारू नका. कधीपासून, कुणाबरोबर, सकाळी उठल्याउठल्या लागते का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर हो आलं तर सवय जडली आहे, आणि नुसतं दटावून ती जाणार नाही. डॉक्टरांकडे न्या. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-112-356 ही फुकट आहे, मराठीतून बोलता येतं, आणि नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. फोन लावून मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर या.